तळाशी गेलेल्या चिठ्ठ्या

चिठ्ठीची घडी कशी घालायची ते मी फार लहानपणी शिकले. पुण्याला आईची भिशी असायची आणि घड्या घालणं हे माझं काम होतं. कागदाचा तुकडा आधी उभा दुमडायचा, मग आडवा, मग पुन्हा उभा, पुन्हा आडवा, आणि शेवटी नखाने दाबून वेलदोड्याएवढी गोळी करायची. सगळ्या गोळ्या एकसारख्या. एखादी जरा फुगलेली दिसली की आई ती उघडायला लावायची आणि परत घडी घालून घ्यायची. “ओळखू आली तर ती चिठ्ठी कसली?” म्हणायची. न्याय म्हणजे काय ते मी त्या स्टीलच्या डब्यात शिकले, असं मी पुढे बरीच वर्षं अभिमानाने सांगत असे. आता सांगत नाही.

जर्मनीत आल्यावर फ्रांकफुर्टच्या आसपास राहणाऱ्या आम्ही सात जणींनी भिशी सुरू केली. नावालाच भिशी. पुढच्या महिन्यात कुणाच्या घरी जमायचं एवढंच चिठ्ठीवर ठरायचं. पण चिठ्ठ्या मात्र मी आईच्याच पद्धतीने घालायला लावत असे. कुणी आळस करून नुसता कागद चुरगळला तर मी तो परत हातात द्यायचे. मैत्रिणी मला “इन्स्पेक्टर” म्हणायच्या, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं.

माझी नोकरीही तशीच होती. एश्बॉर्नमधल्या एका कंपनीत आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. कारखान्यात हजारो सुटे भाग बनतात, त्यातले थोडे उचलून तपासतात, आणि त्यात जे सापडतं तो योगायोग की काहीतरी बिघडलंय, हे ते सॉफ्टवेअर सांगतं. दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर संशय घ्यायचा पगार मला मिळत होता. ऐकत मात्र कुणी नव्हतं. मी मीटिंगमध्ये एखादी शंका काढली की आमचा टीम लीड “इंटरेसांट” म्हणायचा आणि कॉफी आणायला उठायचा. दोन आठवड्यांनी तीच शंका दुसऱ्या कुणी काढली की तिच्यासाठी वेगळी मीटिंग ठरायची. मी घरी येऊन भांडी आपटायचे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ एकटे राहत. साठीच्या जवळ आलेले, उंच, कमी बोलणारे. आयुष्यभर एका कॅसिनोत क्रूपिए होते, म्हणजे रूलेटच्या टेबलाशी उभं राहून चाक फिरवणारे. पुढे मनगटाने दगा दिला आणि टेबल सुटलं. मग ते तिथेच आत कुठेतरी कागदपत्रं बघत, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी स्टेजवर उभं राहून बक्षिसांची सोडत काढत. त्या एका दुपारसाठी ते शनिवारी आपल्या दाराबाहेरच्या पायरीवर बसून काळे बूट पॉलिश करायचे. मला ते नावाने हाक मारत नसत. आमचं आडनाव त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं. “फ्राउ नाखबारिन” म्हणायचे, शेजारीणबाई. माझी पार्सलं घेऊन ठेवायचे, माझ्या मुलीची सायकल तळघरातून वर आणून द्यायचे.

त्यांनीच एकदा मला त्यांच्या कॅसिनोची जाहिरात दिली. रविवार दुपार, बायकांसाठी खास, कॉफी, केकचा तुकडा आणि प्रत्येकीला एक पिवळं कूपन. कॅसिनो होतं गरम पाण्याच्या झऱ्यांच्या एका गावात, ट्रेनने तासाभरावर. आम्ही सातही जणी गेलो. जुगार खेळायचा प्रश्नच नव्हता, आम्हाला नुसतं नटूनथटून कुठेतरी जायचं होतं. एकीने सासूबाईंना फोनवर सांगितलं, “आई, आम्ही बागेत चाललोय.” बाग होतीच समोर, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

कूपन म्हणजे पातळ कागद, त्यावर नाव लिहायचं आणि स्टेजवरच्या पारदर्शक ड्रममध्ये टाकायचं. बाकीच्या बायका कागद तसाच सपाट टाकत होत्या. त्यांचा तो गबाळेपणा बघून माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. मी टेबलावर सातही जणींकडून घड्या घालून घेतल्या, नखाने दाबून, वेलदोड्याएवढ्या. आमच्या सात गोळ्या ड्रममध्ये पडल्या तेव्हा मला वाटलं, ह्या हॉलमध्ये नियमाने वागणाऱ्या आपण एवढ्याच.

मग आमचे शेजारी स्टेजवर आले. काळा सूट, चकचकीत बूट. त्यांनी हँडलने ड्रम तीन वेळा फिरवला. मग दोन्ही हात पुढे धरले, बोटं पसरली, पंजे आधी उलटे केले, मग सुलटे. हातात काही लपवलेलं नाही हे दाखवायची त्यांच्या धंद्याची रीत. प्रत्येक चिठ्ठी काढण्याआधी ते असं करत. दहा बक्षिसं, दहा वेळा. घरी जिन्यात वाकून चालणारा हा माणूस तिथे किती ताठ उभा राहतो, असं मनात आल्याचं मला आठवतं.

आम्हाला काही मिळालं नाही. पहिल्यांदा कोण मिळेल म्हणून जातं? दुसऱ्या महिन्यातही नाही, तिसऱ्यातही नाही. इतर बायका टॉवेलांचे संच, कॉफी मशीन, हॉटेलातला शनिवार-रविवार असं काय काय घेऊन जात. डुकराच्या मांसाची टोपली एकीला मिळाली तेव्हा आम्ही हसलो, की बरं झालं, आपल्याला मिळाली असती तर फ्रिजमध्ये ठेवायची कुठे! पण पाच-सहा महिन्यांनी हसू आटलं.

त्याच वर्षी आम्ही मोठं घर शोधत होतो. रोज रात्रीच्या जेवणानंतर मी आणि नवरा भाड्याच्या वोनुंगसाठी, म्हणजे फ्लॅटसाठी, ईमेल पाठवायचो. पगाराच्या पावत्या, नोकरीचं पत्र, मुलीचं वय, आम्ही सिगरेट ओढत नाही, कुत्रा नाही, पियानो नाही. उत्तर येत नव्हतं. आलंच तर, दुसऱ्या कुणाची निवड झाली, खेद आहे. त्याच घराला नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका जर्मन मुलाने ईमेल केला आणि दुसऱ्या दिवशी त्याला बघायला बोलावलं. आडनाव वाचून बाजूला ठेवतात, ह्याबद्दल मला शंका उरली नव्हती. आजही नाही. पण सिद्ध काय करणार? घरमालक कुणाला निवडतो ह्याचं गणित कुणी मांडून दाखवत नाही.

कॅसिनोचं गणित मात्र मांडता येत होतं.

त्याआधी जून महिन्यात एक गोष्ट घडली, आणि ती मी तेव्हा कानाआड केली. मी भाजीच्या पिशव्या घेऊन वर चालले होते आणि ते पायरीवर बूट पॉलिश करत बसले होते. म्हणाले, “तुमच्या चिठ्ठ्या फार छोट्या असतात, फ्राउ नाखबारिन. कागद तसाच सपाट टाकला तरी चालतो.”

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि त्यांना पाच मिनिटं व्याख्यान दिलं. आमच्याकडे घडी का घालतात, नाव दिसलं तर काढणाऱ्याचा हात कसा वळू शकतो, खरं तर तुम्हीच सगळ्यांना घडी घालायला सांगायला हवं. ते ब्रश हातात धरून ऐकत राहिले.

“आख सो, अस्सं,” म्हणाले, आणि दुसरा बूट उचलला.

सप्टेंबरचा रविवार हा आमचा अकरावा. त्याही दिवशी रिकाम्या हाताने परतताना ट्रेनमध्ये एक मैत्रीण म्हणाली, “अगं, हे लोक फिक्स करतात. सपाट कागदावरची नावं त्या ड्रममधून दिसतात. आपली नावं आपणच लपवून ठेवलीयत, तो ओळखीच्यांची काढतो.” माझं डोकं फिरलं. मी केकबरोबर आलेला नॅपकिन पर्समधून काढला आणि त्यावर हिशेब मांडला. हॉलमध्ये साधारण एकशेवीस बायका असायच्या, दर वेळी मी खुर्च्या मोजत असे. बक्षिसं दहा, आमची कूपनं सात. एका रविवारी सातही जणींनी हात हलवत परत यायची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. म्हणजे जवळजवळ नाणं उडवण्यासारखं. एकदा छापा पडला, ठीक. लागोपाठ अकरा वेळा छापा? उत्तर आलं, हजारात एक.

मी ते पुन्हा केलं. सहाही माना नॅपकिनवर झुकल्या होत्या. हजारात एक. ऑफिसात ह्याहून कितीतरी क्षुल्लक आकड्यावर मशीन बंद करतात.

घरी येऊन मी कॅसिनोला पत्र लिहिलं. तीन पानं, सूत्रांसकट. मराठीत भांडताना मी अडखळते, पण जर्मन कार्यालयीन भाषेत माझी लेखणी छान चालते. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, “अगं, ते आपले शेजारी आहेत. आधी त्यांना विचार तरी.”

“विचारून काय सांगणार आहेत? हो, मी लबाडी करतो, असं?”

“तू त्यांचं नाव लिहिलंयस?”

“नाही.”

लिहिलं नव्हतंच. “सोडत काढणारी व्यक्ती” असं लिहिलं होतं. तिथे सोडत काढणारी व्यक्ती एकच होती. हे मला पत्र पेटीत टाकताना कळत होतं आणि तरी मी ते टाकलं. मला कुणाला तरी एकदा, निदान एकदा, आकड्यानिशी पकडायचं होतं.

ऑक्टोबरच्या रविवारी स्टेजवर एक तरुण मुलगी माइक घेऊन उभी होती. आमचे शेजारी खाली कोट ठेवायच्या काउंटरवर होते. त्यांनी माझा कोट घेतला, खुंटीला लावला आणि नंबराचा बिल्ला दिला. “गुटन टाग, फ्राउ नाखबारिन.” मी मान हलवली. मला आनंद झाला होता, हे मी लपवून काय करू? शेवटी कुणीतरी माझं ऐकलं, ह्याचा आनंद. त्या मुलीने ड्रम तीन वेळा फिरवला आणि दहा चिठ्ठ्या काढल्या. एकही आमची नव्हती. परतताना मी ट्रेनमध्ये एवढी चिडले होते की समोरच्या माणसाने जागा बदलली. म्हणजे सगळं कॅसिनोच लबाड, असं मी जाहीर करून टाकलं.

मग दिवाळी आली. चिवडा मी मोठ्या डब्यात करून ठेवला होता, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची ताटं भरायला बसले होते. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, बोलायची जर्मन. तिच्या ताटलीत मी वरवरचा चिवडा घातला तर ती कुरकुरली, “ममा, दी एर्डन्युसं सिंट आले उंटन.”

शेंगदाणे सगळे खाली आहेत. त्यात नवीन काय? डबा हलला की शेंगदाणे, डाळं, मीठमसाला तळाशी जातो आणि वर नुसते हलके पोहे राहतात. म्हणून तर चिवडा खालून हलवून वाढायचा असतो. आईने मला हे घडी घालायला शिकवण्याच्याही आधी शिकवलं असेल. माझा हात डब्यात कोपरापर्यंत होता, आणि तो तसाच राहिला.

मी उठले, प्लास्टिकचा कपडे ठेवायचा मोठा खोका रिकामा केला. जुन्या वह्यांच्या पानांचे एकशेवीस तुकडे केले. एकशेतेरा सपाट, सात गोळ्या. खोका हलवायचा, डोळे मिटून वरून दहा कागद काढायचे, मोजायचे, परत टाकायचे. मुलीला खेळ आवडला, तीच आकडे लिहीत होती. वीस वेळा केलं. हिशेबाप्रमाणे अकरा-बारा गोळ्या हातात यायला हव्या होत्या. आली एक.

ऑफिसात कुणी माझ्यासारखा कागद आणला असता तर मी पहिलाच प्रश्न विचारला असता. सगळ्या कूपनांना सारखी संधी आहे असं तुम्ही धरून चाललात, ते तपासलंत का? मी तो प्रश्न स्वतःला विचारला नाही, कारण चिठ्ठ्या मी घातल्या होत्या. भिशीच्या डब्यात सगळ्याच गोळ्या असतात म्हणून तिथे न्याय होतो. एकशेतेरा सपाट कागदांत सात गोळ्या टाकून मी आपल्या हाताने सात जणींना तळाशी पाठवलं होतं, आणि वर स्वतःला शाबासकी दिली होती. स्वतःचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता. ट्रेनमध्ये चिडायला निदान दुसरे लोक होते.

त्याच दिवशी मी कॅसिनोला दुसरं पत्र लिहिलं. चूक आमच्या घडीची आहे, सोडत काढणाऱ्या व्यक्तीचा काही दोष नाही, तिला कृपया परत तिच्या जागी घ्यावं. दहा दिवसांनी उत्तर आलं. आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार. प्रकरण बंद करण्यात आलं आहे. नव्या वर्षापासून सोडत कॉम्प्युटर काढेल, त्यामुळे कागदाच्या आकाराचा प्रश्नच उरणार नाही. सोबत कृतज्ञता म्हणून दोन मोफत प्रवेशिका. त्या मी टराटरा फाडल्या आणि मग पेपरांच्या कचऱ्यात नीट टाकल्या. इथे राग आला तरी कचरा वेगळा करावा लागतो.

त्यांना भेटायचं मी इतके दिवस टाळत होते. दिवाळीचं ताटही द्यायचं राहिलं होतं. शेवटी एका शनिवारी सकाळी लाडू, चकल्या आणि उरलेला चिवडा ताटात घेऊन खाली गेले. जिना झाडायची त्यांची पाळी होती. हातात झाडू होता, पायात जुन्या चपला. सोडतीच्या आदल्या दिवशीचा शनिवार होता आणि ते बूट पॉलिश करत नव्हते.

“ते पत्र मी लिहिलं होतं,” मी म्हणाले. पुढचं सगळं मी रात्रभर जर्मनमध्ये पाठ केलं होतं, पण ते कुठे गेलं कोण जाणे.

“हो,” ते म्हणाले. “तीन पानं आणि त्यात सूत्रं. ह्या इमारतीत आणखी कोण लिहिणार?”

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. कोट घेतला तेव्हाही. मधल्या आठवड्यात माझं पार्सल घेऊन ठेवलं तेव्हाही.

“घडीमुळे झालं ते. छोट्या गोळ्या खाली जातात. मला आत्ता कळलं. मी त्यांना तसं लिहिलंही.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. मीही त्यांना तेच सांगितलं.”

“तुम्ही सांगितलं?”

“त्यांनी विचारलं, मी सांगितलं. सोडतीनंतर ड्रम मीच रिकामा करायचो. दर वेळी तुमच्या सातही गोळ्या तळाशी असायच्या. ते म्हणाले, म्हणजे तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही सोडत काढत राहिलात.” त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. “ते बरोबरच बोलले. मला माहीत होतं. नियम असा की भाग घेणाऱ्यांना आम्ही काही सुचवायचं नाही. तरी जूनमध्ये तुम्हाला एकदा बोललो होतो.”

मला ते व्याख्यान शब्दन् शब्द आठवलं. जीव नकोसा झाला.

“मग एकदा तरी हात खाली का नाही घातला?” मी विचारलं. किती मूर्ख प्रश्न, आणि मी तो चिडूनच विचारला. “तुम्हाला ठाऊक होतं आम्ही कुठे आहोत!”

ते खरोखर गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. “ठाऊक होतं म्हणूनच नाही घातला. माहीत असलेल्या जागी हात घातला तर ती सोडत कसली?”

ताट हातात होतं, ते पुढे करायचंही सुचेना. मग काहीतरी भरून काढायला हवं म्हणून मी म्हणाले, “उद्या आमच्या घरी आमची भिशी आहे. पुढच्या महिन्याची चिठ्ठी काढायची असते. तुम्ही याल? तुम्हीच काढा. आम्हा सगळ्यांना आवडेल.”

“नाही, फ्राउ नाखबारिन,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं. “मी आता चिठ्ठ्या काढत नाही.”

मग त्यांना ताट दिसलं. झाडूची धूळ हाताला होती म्हणून त्यांनी हात पँटला पुसले आणि पुढे केले. बोटं आपोआप पसरली. पंजे आधी उलटे झाले, मग सुलटे. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण ते क्षणभर तसेच थांबले, आणि मग त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं. ते रिकामे हात बघायला त्या जिन्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.